पिल्लं किती वाजता?

कोलाडची नदी वेळेवर येते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग हळूच घड्याळ बघतो. पण आहे ते असं आहे. घाटावर मुळशीचं धरण, त्याचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. हा उद्योग 1927 पासून चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं आणि त्यावर आमच्या राफ्टिंगच्या बोटी चालतात. मुळात हे पाणी मुळा, भीमा, कृष्णा अशा नातेवाइकांकडे मुक्काम करत करत बंगालच्या उपसागराला जायचं. धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी पाणी कोकणात उतरायचं ते उतरलंच. त्यामुळे भर एप्रिलात महाराष्ट्र टँकरची वाट बघत असतो तेव्हा आम्ही मुंबईच्या माणसाला फोनवर सांगत असतो, "साहेब, सकाळी लवकर या. उशीर केलात तर नदी निघून जाईल."

मी एका कॅम्पवर लोकांना लाइफजॅकेट चढवून पट्टे आवळायचं काम करतो. "नदी किती वाजता?" या प्रश्नाला मी इतकी वर्षं बिनचूक उत्तर देत आलोय की निसर्ग हा ऑफिसच्या वेळेत उघडा असतो, अशी हजारो माणसांची मी स्वतः समजूत करून दिली आहे. कोलाडला नदी वेळापत्रकावर चालते, मालाचे ट्रक 1999 पासून आगगाडीवर बसून गोव्याला जातात आणि महामार्गाचं काम मात्र 2011 पासून चालूच आहे. इथे वाढलेल्या माणसाच्या काळ-वेळेच्या कल्पना थोड्या वाकड्या असायच्याच.

हे पाप फेडायची वेळ दिवेआगरला आली.

माझी ताई दिवेआगरला दिली आहे. सुपारीची वाडी, वाडीच्या मागे चार खोल्यांचा होमस्टे आणि पलीकडे समुद्र. एका फेब्रुवारीत भावोजींचा फोन आला.

"काय रे, तू रोज शंभर-दोनशे माणसं बोटीत बसवतोस ना?"

"बसवतो."

"मग तेवढीच माणसं एका दोरीच्या मागे उभी करायची आहेत. बोट नाही, पाणी नाही, बुडायची भीती नाही. येतोस ना?"

काम कासवांचं होतं. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं थंडीच्या मोसमात रात्री आपल्या किनाऱ्यावर चढतात, वाळूत दीडेक फुटाचा घडाच्या आकाराचा खड्डा करतात, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवून परत जातात. पुढे कोल्हे, कुत्रे आणि माणसं यांच्या तावडीतून ती अंडी वाचवण्यासाठी कासवमित्र ती उचलून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीवर, पुन्हा पुरतात. त्या कुंपणाला हॅचरी म्हणतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासला हे काम सुरू केलं, 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला, आणि मग हरिहरेश्वर, दिवेआगर, आंजर्ले असा तो किनाऱ्याला लागत गेला. कासवांना हे काहीच माहीत नाही. ती आपली महोत्सव नव्हता तेव्हाही येत होती.

मला एक टोपी आणि एक टी-शर्ट मिळाला. टी-शर्टच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'स्वयंसेवक' लिहिलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. त्यामुळे समोरून बघणाऱ्याला मी वाट चुकलेला माणूस वाटायचो आणि प्रश्न नेहमी मागून यायचे. पहिला प्रश्न टी-शर्टची घडी मोडायच्या आत आला.

"काका, पिल्लं किती वाजता?"

मी सवयीने "साडेसहा" म्हणणार होतो, तेवढ्यात शेजारच्या कासवमित्राने माझा हात दाबला. हा मुलगा तिथलाच, वयाने माझ्या अर्ध्याने. सांगायला लागला, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आपण घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतो, खाली पिल्लं असली तर असली.

"म्हणजे नक्की नाही?"

"नक्की नाही."

"वेबसाइटवर तर महोत्सव म्हणालेत!"

हा गृहस्थ पुण्याहून निघून, ताम्हिणी उतरून, माणगावला मिसळ खाऊन, म्हसळा-बोर्ली करत आला होता. त्याने सगळं वेळेवर केलं होतं. आता समोरच्या पार्टीनेही वेळ पाळावी, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. मला त्याचं दुःख कळत होतं. कोलाडला मीच त्याला बिघडवलेला असणार.

पहाटे सव्वाशे माणसांच्या साक्षीने टोपली उचलली जाते. हा क्षण ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. लोकांनी श्वास रोखलेला असतो, मोबाइल वर गेलेले असतात, बाप मुलाला खांद्यावर घेतो, मुलाचा बूट मागच्या आजींच्या चष्म्याला लागतो. कासवमित्र गुडघ्यावर बसून टोपली उचलतो. खाली वाळू असते.

"आत असतील! जरा उकरून बघा ना!"

"नाही उकरायचं, ताई. ती आपली आपण वर येतात."

"मग आता कधी?"

"संध्याकाळी बघू."

"आमचं चेकआउट दहाला आहे हो!"

यावर कासवाने काय करावं, हे कुणालाच सांगता येत नाही. एकाने भावोजींना गाठून खोलीभाड्यात सूट मागितली, कारण खोली 'कासवांसकट' घेतली होती, असं त्याचं म्हणणं. भावोजींनी त्याला एक उकडीचा मोदक जास्त वाढला आणि प्रकरण मिटवलं.

पिल्लं नसली की त्यांच्या आईवडिलांवर घसरायचं, हा आपला सामाजिक शिरस्ता आहे. ठाण्याकडचं एक जोडपं दोरीला टेकून उभं होतं.

बाईंनी विचारलं, "यांची आई कुठे असते?"

"समुद्रात."

"पिल्लांना न्यायला येते ना?"

"नाही. अंडी घालून जाते ती जातेच."

"परत बघायलासुद्धा येत नाही? कसली आई म्हणायची ही!" बाई खरोखर दुखावल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि वडील?"

"नर कासव तर जन्मभर सहसा पाण्याबाहेरच येत नाही."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने समुद्राकडे पाहिलं. त्यानंतर त्या बाईंचा आईवरचा राग पुष्कळ निवळला.

तेवढ्यात पुण्याचे ते गृहस्थ पुढे सरसावले. त्यांनी रात्रीत वाचून काढलं होतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त निपजतात आणि थंड असेल तर नर, हे त्यांनी मला सांगितलं, कासवमित्राला सांगितलं, कुल्फीवाल्यालाही सांगितलं. माहिती शंभर टक्के खरी होती. फक्त ती सांगताना ते दोरीच्या आतल्या बाजूला उभे होते.

"साहेब, जरा मागे."

"मी माहिती देतोय."

"मागून द्या."

रात्रीची गस्त हा वेगळा अध्याय आहे. किनारा चार-पाच किलोमीटरचा. मादी सरपटत वर येते तेव्हा वाळूत दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे उमटतात आणि ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा दिसतो. तो पट्टा शोधायचा, त्याच्या टोकाला घरटं. मीही कमरेला पट्टा बांधून निघालो. कोलाडचा माणूस गोड्या पाण्याचा. वाळूत चालायचं तर पोटऱ्या वेगळ्या लागतात, हे मला पहिल्याच वळणावर समजलं. त्यानंतर मी किनाऱ्याच्या 'मध्यवर्ती भागावर' लक्ष ठेवायची जबाबदारी स्वतःहून घेतली. मध्यवर्ती भागात एक बाकडं होतं.

त्याच रात्री मुंबईच्या एका ग्रुपला माग सापडला. सात-आठ तरुण, सगळ्यांच्या डोक्याला दिवे, खाणकामगारांची पाळी सुटल्यागत. त्यांनी पट्टा पाहिला आणि कुजबुजत एकमेकांना खाली बसवलं. एकाने नियमांचं पान मोबाइलवर वाचून दिवे विझवायला लावले, दुसऱ्याने चपला काढायला लावल्या. पहाटेपर्यंत ती मुलं त्या पट्ट्याभोवती श्वास रोखून बसली होती. उजाडल्यावर कासवमित्र आला. त्याने पट्टा बघितला, पट्ट्याची दिशा बघितली, आणि शांतपणे म्हणाला, "हा एटीव्हीवाला काल संध्याकाळी इथून गेला."

मला त्या मुलांचं कौतुकच वाटलं. अख्ख्या मोसमात इतक्या शिस्तीत बसलेला दुसरा ग्रुप मी पाहिला नाही. नेमकं कासव तेवढं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी टोपलीखाली खरंच पिल्लं निघतात. काळसर, तळहातावर दोन मावतील एवढी, अंगाला वाळू चिकटलेली. कासवमित्र मोजून त्यांना पाण्यापासून काही अंतरावर ठेवतो, कारण ती वाळू त्यांनी स्वतः चालून जायची असते. दोरीमागे जो गलका होतो त्यात कुणी "गणपती बाप्पा" म्हणतं, मागून सवयीने "मोरया" येतं. लोक पिल्लांना नावं ठेवतात, म्हणजे बारशाची. पैजा लागतात. एक आजी दोरीखालून वाकून पुढे आल्या आणि त्यांनी अगदी मनोभावे पहिल्या पिल्लाला हात जोडून वाळूत पाच रुपयांचं नाणं ठेवलं. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला नमस्कार करून पुढे जायचं, ही त्यांची ऐंशी वर्षांची सवय. पिल्लू नाण्याला अडलं, बाजूने वळलं आणि पुढे गेलं. मी नाणं उचलून आजींना परत दिलं तर त्या म्हणाल्या, "राहू दे रे, तुलाच."

स्वयंसेवक म्हणून माझी ती एकमेव कमाई.

पण खरी भानगड पावलांची. दीडशे माणसं दुपारभर त्या वाळूत फिरलेली असतात. आम्ही फळीने जागा सारखी करतो, तरी कुणीतरी फोटोसाठी आत जाऊन येतोच. असाच दहा नंबरच्या बुटाचा एक ठसा पिल्लांच्या वाटेत राहिला होता. एक पिल्लू चालत चालत काठावर आलं आणि आत गेलं. त्याने पुढचे दोन्ही पर भिंतीला लावले. वाळू ढासळली. पुन्हा चढलं, पुन्हा ढासळली, आणि तिसऱ्या वेळेला ते पाठीवर पडलं. पोट वर, चारही पर हवेत फिरतायत. माझा हात पुढे झाला तो कासवमित्राने अडवला, "जरा थांबा." पिल्लाने मान वाळूत रोवली, एक पर खाली टेकला आणि सुलटं झालं. मग टाचेकडचा उतार धरून बाहेर पडलं. बुटाचे मालक शेजारीच उभे होते. "काय जिद्द आहे ना!" ते म्हणाले.

एवढ्याने मोसम पुरा झाला असता तर ठीक होतं. पण महाराष्ट्रात कुठलीही गोष्ट कुणाच्या तरी हस्ते झाल्याशिवाय झाली असं मानत नाहीत. एका रविवारी एका मान्यवरांच्या हस्ते पिल्लं समुद्रात सोडायचं ठरलं. मांडव, सतरंजी, शाल, श्रीफळ, माइकवाला. पिल्लांनी पहिल्यांदाच वेळ पाळली, पहाटेच टोपलीखाली हजर. मान्यवरांनी पाळली नाही. ते महामार्गावर माणगावच्या कोंडीत होते आणि दर दहा मिनिटांनी "निघालेच आहेत" असा निरोप येत होता.

आयोजक म्हणाले, "पिल्लांना थोडं थांबवता येईल का?"

कासवमित्र म्हणाला, "नाही. अंगातला जोर आहे तोवर त्यांना लांब समुद्रात पोचायचं असतं."

"अर्धा तास?"

"साहेबांना सांगा, पुढच्या घरट्याला या."

आणि त्याने पिल्लं सोडून दिली. मान्यवर आले तेव्हा ऊन चढलं होतं आणि पिल्लं दिसेनाशी झाली होती. पण कार्यक्रम ठरलेला होता. मान्यवरांनी रिकामी टोपली उचलली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. भाषणात त्यांनी कासवाकडून संयम शिकावा असं सांगितलं. समोर उन्हात तास दीड तास बसलेल्या लोकांना तो विषय अवघड गेला नाही.

आमच्या कासवमित्राला वाचनाची आवड आहे. त्यानेच मला हवाई बेटांवरच्या सीलची गोष्ट सांगितली. तिथे मंक सील नावाचा दुर्मीळ प्राणी भर पर्यटकांच्या किनाऱ्यावर येऊन दिवसचे दिवस लोळत पडतो आणि तिथले स्वयंसेवक त्याच्याभोवती दोऱ्या आणि पाट्या लावून उभे राहतात. 2017 साली एक मादी तर थेट वाइकीकीच्या गजबजाटात व्यायली, आणि आया-बहिणींनी बाळंतिणीची खोली राखावी तसे लोक आठवडेच्या आठवडे तिची राखण करत होते. ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणजे "हा जिवंत आहे का?" असं विचारणारे आणि दोरीच्या आत उभं राहून माहिती देणारे तिकडेही असणार. पुण्याची मक्तेदारी नाही.

"पण त्यांचं एक बरं आहे," तो म्हणाला. "पिल्लाजवळ गेलं की सील चावते. 2022 साली पोहायला गेलेल्या एका बाईंना चावली होती."

आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. चावणारं कासव असतं तर आमची निम्मी दोरी वाचली असती.

ताईच्या शेजारी एक आजोबा आहेत. ते रोज पहाटे अंधारात समुद्रावर जातात. सबंध महोत्सवात एकाही पर्यटकाला मोठी मादी दिसली नाही, मलाही नाही. मी आजोबांना सहज म्हटलं, "मोठं कासव काही दिसत नाही हो."

"कासव? काल आली होती की. माझ्या पुढ्यातून गेली."

"मग हाक नाही मारलीत?"

"कुणाला, तिला?"

पुढे म्हणाले, "आमच्या लहानपणी ही अंडी काढून खायचे, विकायचेसुद्धा. मीही काढलीत. तेव्हा अख्खं घरटं काढायला एक माणूस पुरायचा. आता तेच राखायला तुम्ही चाळीस जण लागता." 1972 च्या वन्यजीव कायद्याने कासवाला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय, हे मी त्यांना सांगितलं. "असेल," आजोबा म्हणाले. "वाघाला बघायला इतकी माणसं येतात का?"

शेवटच्या दिवशी माहितीच्या फलकाजवळ माझी नेमणूक झाली, कारण तिथे खुर्ची होती. फलकावर गोष्ट अशी, की 2022 च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री खाली श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2021 साली ओडिशात बिल्ला लावलेली 03233 क्रमांकाची मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला येऊन अंडी घालून गेली. आमच्या मुळशीच्या पाण्याचा जो रस्ता तुटला, तो ह्या बायांनी पोहून जोडला. मी हे सगळं रंगून सांगत होतो. समोर एक गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एवढं ट्रॅकिंग आहे, तर मग नेमकं किती वाजता येणार ते का सांगत नाही तुम्ही?"

तर, पुढच्या मोसमात दिवेआगरला, वेळासला, आंजर्ल्याला पुन्हा माणसं लागतील: रात्री किनारा चालायला, पहाटे टोपल्या उचलायला, दुपारी वाळू सारखी करायला. फेब्रुवारी ते एप्रिल या. पांढरा टॉर्च, ड्रोन आणि कुत्रा घरी ठेवा. चेकआउटच्या दिवशी पिल्लांची आशा धरू नका. शाळकरी मुलांना तर जरूर पाठवा. त्यांना एकदा सांगितलं की ती दोरीच्या मागे उभी राहतात. मोठ्यांची नावनोंदणी सध्या पुरे झाली आहे.